टिओफिलच्या वरच्या दोन खोल्या

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या टोलेडो गावच्या आमच्या पोलिश वस्तीतल्या बायका पेपर हातात आला की आधी मेलेल्यांचं पान काढायच्या. दुःख कुणाला होतंय! माणूस गेला म्हणजे खोली रिकामी झाली, एवढाच त्याचा अर्थ. फौजेतून पोरं परत आली होती, आल्या आल्या बोहल्यावर चढत होती, आणि चार वर्षांत गावात एक नवी भिंत म्हणून उभी राहिली नव्हती. जिवंत माणूस धरलेली जागा सोडायला तयार नाही. मग राहिलं कोण?

ह्या कामात स्टेफा गाव्रोन सगळ्यांच्या पुढे. दुपारी दोनला पेपरचा गठ्ठा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पडायचा, आणि ही बाई दहा मिनिटं आधीच दारात उभी. कोळशाचा संप, सरकारनं मांसाच्या भावावरचा ताबा सोडल्याची बातमी, नव्या मोटारींच्या जाहिराती, सिनेमाच्या वेळा, सगळी पानं ती फडाफडा उलटायची. दुकानदार ओरडायचा, "अगं बाई, विकत तरी घे! वाचून झाल्यावर त्याचं मी काय करू?" ती पैसे फेकायची, मेलेल्याचा पत्ता पाठ करायची आणि चालायला लागायची.

हात हलवत जायची नाही. ज्या घरात माणूस गेलंय तिथं शिजवलेलं काही तरी घेऊन जायचं ही आमची रीत, आणि ह्या रीतीनं कुणाचंही दार उघडतं हे स्टेफाला पक्कं कळलं होतं. बटाटा आणि चीज भरून उकडलेल्या करंज्या, आमच्या पिएरोगी, ती सकाळीच करून ठेवायची. मेलं कोण ते दुपारी ठरायचं. तुम्हाला हे वाईट वाटेल. वाटू द्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तिचं काय जळत होतं ते सांगते. नवरा बोलेक लढाईवर गेला तेव्हा पोरगी दोन वर्षांची होती. स्टेफानं तीन वर्षं कारखान्यात मोटारीच्या दिव्यांच्या काचा तपासल्या, भाडं भरलं, पोर वाढवली. लढाई संपली आणि एका शुक्रवारी कारखान्यानं सगळ्या बायकांच्या हातात शेवटच्या पगाराची पाकिटं देऊन सांगितलं, जा आता घरी. घरी जा! सहा महिन्यांत घरमालकानं घरच विकून टाकलं. नवा मालक स्वतः राहायला आला. बोलेकला काचेच्या भट्टीवर काम मिळालं, पण डोक्यावर छप्पर नाही. तेव्हापासून तिघं बोलेकच्या थोरल्या बहिणीच्या, वांदाच्या, समोरच्या खोलीत राहत होती. वांदा मनानं चांगली. तिचा नवरा चेस्टर, तोही वाईट नव्हता हो, पण त्याचा तो मोठा रेडिओ नेमका त्याच खोलीत. रात्रीचं जेवण झालं की सगळं घर स्टेफाच्या पलंगावर बसून प्रश्नमंजूषा ऐकायचं. कुणीतरी कुठल्या तरी गावची बाई फ्रिज जिंकायची आणि सगळे टाळ्या पिटायचे. स्टेफा पोरीला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची.

एकदा तिनं म्हटलंच, "फ्रिज मिळाला, पण ठेवायचा कुठं हे नाही विचारलं कुणी तिला."

चेस्टर हसला. पण ऑक्टोबर लागला तेव्हा त्यानं रेडिओ बंद केला आणि घसा खाकरला. "बोलेक, माझा धाकटा भाऊ फौज सोडून येतोय जपानातून, बायकोला घेऊन. ती गरोदर आहे. पंधरा नोव्हेंबरला येतील. त्यांना ही खोली लागेल."

"दाजी, आम्ही कुठं जायचं?" बोलेकनं विचारलं.

"तुम्ही दोघं कुठंही राहाल रे. प्रश्न पोरीचा आहे." चेस्टर खाली बघून बोलत होता. "सिस्टरांच्या आश्रमात ठेवतात हल्ली. अनाथच असायला हवं असं काही नाही. महिन्याचे पैसे भरले की घेतात. नोवाकची दोन्ही तिथंच आहेत."

नोवाकची दोन पोरं वसंतात तिथं गेली होती, 'थोड्या दिवसांसाठी'. स्टेफा त्यांना एका रविवारी त्यांच्या आईबरोबर जाऊन बघून आली होती. धाकट्यानं स्वतःच्या आईला ओळखलं, पण जवळ गेला नाही. खिडकीपाशी उभा राहून बोट चोखत राहिला. ते बघून आल्यापासून स्टेफाच्या मनानं एकच धरलं होतं: माझी पोला तिथं जाणार नाही. पोला म्हणजे अपोलोनिया. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, नुकतीच पहिलीत गेलेली.

तर पंधरा नोव्हेंबर. त्याच्या आत घर. एवढीच गोष्ट.

आणि घरं नव्हती असंही नाही. स्टेफा तेवीस दारांत जाऊन आली. एकानं खोली दाखवली आणि म्हणाला, आत हा सोफा आहे तो तीनशे डॉलरला विकत घ्या, मग भाड्याचं बोलू. सोफ्यातून स्प्रिंग बाहेर आलेली! भाडं सरकारनं बांधून दिलेलं, म्हणून पागडीला हे असलं सोंग. बाकी सगळ्यांचं एकच पालुपद, मुलं आहेत का? मग नको. कुत्रंही नको, मूलही नको. एक म्हातारी तर म्हणाली, "कुत्रं असतं तर विचार केला असता." स्टेफानं तिच्या दारात पिएरोगीचं भांडं उचललं आणि म्हणाली, "मग कुत्र्यालाच जेवायला बोलवा." घरी येऊन मात्र ती तासभर रडली.

चोविसावं दार गेनोवेफा स्ट्रुझिकचं.

पेपरात तीनच ओळी होत्या. टिओफिल, वय एकाहत्तर, निवृत्त न्हावी, अविवाहित, बहीण गेनोवेफाच्या घरी वरच्या मजल्यावर राहत. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या पोलिश चर्चच्या वस्तीत. अविवाहित आणि वरचा मजला! घर लांबचं, म्हणून दुसऱ्या दिवशी पोला शाळेत गेल्यावर स्टेफानं ट्राम पकडली. मांसाच्या दुकानापुढे लांबलचक रांग दिसली. ताबा उठून मांस आलं होतं, आणि भाव बघून बायका रिकाम्या पिशव्या घेऊन परत फिरत होत्या. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मांडीवर गरम भांडं आणि मनातल्या मनात घोकलेलं वाक्य, टिओफिलकाकांकडे माझे वडील केस कापायचे.

समोरच्या खोलीत टिओफिल शवपेटीत निजलेला, मिशीला छान तेल लावलेलं. गेनोवेफा साठ-बासष्टची, उंच, काळे कपडे, डोळे सुजलेले. स्टेफा गुडघ्यावर बसली, प्रार्थना केली, भांडं दिलं, वडिलांचं खोटं सांगितलं. बाई तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली, कॉफी दिली आणि स्वतःच बोलायला लागली. एकटी पडलेली माणसं बोलतात. "वर कुणाच्या चालण्याचा आवाज नाही आता. काल रात्री मी छताकडे बघत बसले."

स्टेफानं भीड सोडली. म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. "बाई, बोलू नये आज, पण मला आणि माझ्या नवऱ्याला राहायला जागा नाही."

गेनोवेफा रागावली नाही. तिनं स्टेफाकडे नीट पाहिलं. "येतात गं सकाळपासून. तू पाचवी. पण पेटीपुढे गुडघे टेकलेली पहिलीच." मग थांबली. "मुलं?"

"नाहीत."

शब्द किती हलका गेला तोंडातून! स्टेफालाच आश्चर्य वाटलं.

"मुलं नकोत मला वर," गेनोवेफा म्हणाली. "तुला निष्ठुर वाटेल. माझी मारिस्या पाच वर्षांची होऊन गेली, घटसर्पानं. वर दोन खोल्यांतून नुसती पळायची. पंचवीस वर्षं झाली. अजून छोटी पावलं वाजली की माझ्या छातीत कळ येते. टिओफिल म्हणून तर लग्न न करता माझ्याकडे राहिला." बोलता बोलता तिला रडू फुटलं आणि स्टेफानं, खरंच सांगते, मनापासून कळवळून, तिला देण्यासाठी कोटाच्या खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर पोलाचा तांबडा लोकरीचा हातमोजा बाहेर आला आणि टेबलावर पडला.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. एवढासा मोजा. अंगठ्याला रफू केलेला.

"हा कुणाचा?" गेनोवेफानं विचारलं. आवाज बदलला होता.

भाचीचा म्हणता आलं असतं. शेजारणीच्या पोरीचा म्हणता आलं असतं. घरी येऊन तिनं अशी वीस उत्तरं शोधून काढली. पण त्या क्षणी ह्या बाईचं दार डोळ्यांदेखत बंद होताना दिसलं, आणि पंधरा तारीख, आणि ती आश्रमाची खिडकी, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "होती एक. गेली."

गेनोवेफा उठली आणि तिनं स्टेफाला घट्ट कवटाळलं. "अगं माझ्या बाई! खिशात घेऊन फिरतेस तू! कधी? कशानं?"

"मागच्या उन्हाळ्यात. पोलिओनं."

"नाव काय होतं?"

आणि तिथं, देवा, एक खोटं नावसुद्धा सुचू नये? "अपोलोनिया," स्टेफा म्हणाली, आणि आता खरोखर हमसून हमसून रडायला लागली. गेनोवेफानं कपाट उघडून मारिस्याचा एक बूट काढला, मोज्याशेजारी ठेवला. दोन बायका टेबलाशी बसून रडल्या. एकीची पोर मेलेली होती. दुसरीची त्या वेळी शाळेत बेरजा करत होती.

"मला मावशी म्हण," गेनोवेफा निघताना म्हणाली आणि वरच्या खोल्यांची चावी तिच्या मुठीत दाबली. "भाडं टिओफिल देत होता तेवढंच. पागडीबिगडी काही नाही. त्याचं सामान मृतांच्या दिवसानंतर हलवते, चार नोव्हेंबरला या. तोवर येऊन फरशी घासून जा. आणि तुमचं चर्च कुठलं गं?"

स्टेफानं सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काय, असं तिला वाटलं.

ट्राममधून उतरून ती शाळेपर्यंत पळत गेली. पोला शिंकत बाहेर आली. साधं पडसं. स्टेफाचा जीव मुठीत. तिनं पोरीच्या मानेला हात लावला, पाय वाकवून बघितले, घसा बघितला, रात्री तीन वेळा उठून गुडघे दाबून बघितले, दुखतंय का, दुखतंय का? पोला वैतागली. "तू दाबलंस की दुखतं." जिवंत पोरीला मेली म्हटलं होतं. आमच्या आज्या असत्या तर नुसत्या त्या वाक्यावर वाळीत टाकलं असतं.

बोलेकला तिनं अर्धंच सांगितलं. "मुलं नाहीत म्हटलं मी."

"मग पोला?"

"वन्संची मुलगी म्हणून आणायची. वन्संच्या घरी गर्दी झाली म्हणून भाची आमच्याकडे. खोटं काय त्यात? गर्दी होणारच आहे. महिनाभरात म्हातारीला लळा लागेल."

बोलेक भट्टीवरून आलेला, भुवया जळालेल्या. त्यानं बूट काढले. मग म्हणाला, "मी जर्मनीत बघितलंय, लोक पोरांना लपवतात ते. आपण जिंकलो ना, स्टेफा?" तिनं त्याच्यापुढे सूप ठेवलं.

पोलाला शिकवायचं काम तिनं शनिवारी सकाळी काढलं. लोणी नव्वद सेंट पौंड झालेलं, कोण खातंय! सगळ्या घरांत तेच पांढरं मार्गारीन, आणि बरोबर मिळणारी पिवळ्या रंगाची पुडी. ती आत घालून लोण्यासारखं दिसेपर्यंत मळायचं. ते काम पोरांचं. पोला कोपरापर्यंत पिवळी झाली होती.

"तिकडे मला काय म्हणायचं?"

"मामी."

"आणि बाबांना?"

"मामा."

"मी कोण?"

"तू क्रिशा. वांदाआत्याची."

पोलानं मळणं थांबवलं. खेळ तिला आवडलेला दिसत होता, पण हिशेब जुळत नव्हता. "मग पोला कुठं गेली?"

"पोला... इथंच राहिली, आत्याकडे."

"एकटी?"

"मळ तू," स्टेफा म्हणाली. "बघ, पांढरं राहिलंय."

पण पोरगी हुशार. दोन दिवसांत इतकी पक्की झाली की घरातही मामी मामी म्हणायला लागली. चुकून आई म्हटलं की स्वतःच तोंडावर हात ठेवायची. स्टेफानं तिला शाबासकी म्हणून सिनेमाला नेलं. आधी बातम्यांचं चित्र लागलं. त्यात एक बाई नव्या घरातल्या नव्या स्वयंपाकघरात बटणं दाबत होती, आणि निवेदक सांगत होता की लवकरच प्रत्येक अमेरिकन कुटुंबाला असं घर. मागच्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, "पत्ता सांग की!" सगळं थिएटर खो खो हसलं. स्टेफाही हसली. खिशात चावी होती. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

तीन नोव्हेंबरला रविवार होता. सामान बांधून झालेलं. सोमवारी सकाळी चेस्टर मित्राचा ट्रक आणणार होता. सगळे मिळून चर्चमध्ये दहाच्या मिसाला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, गेले, चेस्टर, वांदा, बोलेक, पोला, स्टेफा, एका बाकावर, भिंतीला लागून शेवटी स्टेफा आणि पोला.

नोव्हेंबर आमच्यात मेलेल्यांचा महिना. घरोघरची माणसं आपल्या मृतांची नावं चिठ्ठीवर लिहून फादरांकडे देतात, सोबत एखादा डॉलर, आणि मिसाच्या आधी फादर ती नावं मोठ्यानं वाचतात. दोनशे, तीनशे नावं. सगळं चर्च ऐकतं, आपलं नाव आलं की छातीवर क्रूस काढतं. त्या रविवारी वाचायला थोरले फादर नव्हते, शिकागोहून आलेले नवे होते. त्यांना इथलं कोण मेलंय आणि कोण जगतंय काय ठाऊक? समोर चिठ्ठी आली की वाचायची.

पोला जांभया देत होती. स्टेफानं सहज मान वर केली, आणि चार बाक पुढे एक उंच काळी टोपी दिसली.

गेनोवेफाची टोपी. तिला आधी काहीच कळेना. ही बाई इथं कशाला? हिचं चर्च तर गावाच्या पलीकडे. फादर संथपणे वाचत होते. "...जोझेफ, मारियाना, आणि त्यांची मुलं. स्ट्रुझिक कुटुंबाकडून. टिओफिल. मारिस्या..."

मग कळलं. म्हातारी मायेपोटी आली होती. मुद्दाम ट्रामनं येऊन, आपल्या पैशानं, स्टेफाच्या चर्चमध्ये चिठ्ठी दिली होती. त्या पोरीचं नाव तिच्या स्वतःच्या चर्चमध्ये घेतलं जावं म्हणून, आणि ते ऐकताना स्टेफा एकटी नसावी म्हणून. स्टेफानं पोलाचा दंड धरला. बाहेर पडायला हवं होतं. पण एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बोलेकचे गुडघे, त्याच्यापुढे वांदा, चेस्टर आणि बाकभर अनोळखी माणसं. "बोलेक, सरक," ती कुजबुजली. तो वळून म्हणाला, "काय?"

"अपोलोनिया गाव्रोन," फादरांनी वाचलं.

शाळेत सिस्टर रोज सकाळी हजेरी घेतात. पूर्ण नाव घेतलं की उभं राहायचं, हात बाजूला, आवाज मोठा. नाही तर हातावर पट्टी. अर्धी पेंगलेली पोला ताडकन उठली आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "हजर!"

कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं, कारण आमच्या चर्चमध्ये मेलेल्यांच्या यादीवर हसत नाहीत. फादरांनी चष्म्यावरून बघितलं. वांदानं क्रूस काढला, मग कुणासाठी काढला ते लक्षात येऊन हात तसाच राहिला. बोलेकचा चेहरा पांढराफटक. तो स्टेफाकडे बघत होता, तिनं अर्धं सोडून दिलेलं आता तिला सांगावं लागत नव्हतं. आणि स्टेफानं काय केलं? पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं. तोंडावर हात ठेवला. "गप, क्रिशा," ती म्हणाली. आयुष्यभर तिला ह्या दोन शब्दांची लाज वाटायची होती.

चार बाक पुढे काळी टोपी वळली. पुन्हा समोर वळली. मिसा संपेपर्यंत एकदाही हलली नाही.

बाहेर पायऱ्यांवर थंडी होती. गेनोवेफा खालच्या पायरीवर थांबलेली, हातात एक मेणबत्ती. बोलेक पुढे जायला निघाला तर स्टेफानं त्याला मागे सारलं. हे तिचं होतं.

गेनोवेफानं आधी तिच्याकडे बघितलंच नाही. ती वाकली, हातमोजा काढला आणि पोलाच्या गालाला हात लावला. बराच वेळ. "गरम आहे," ती म्हणाली, स्वतःशीच.

"मावशी—"

"दोन आठवडे मी हिच्यासाठी रडले गं. रोज संध्याकाळी. माझ्या मारिस्याच्या खाली हिचं नाव लिहिलं, माझ्या हातानं. जिवंत पोरीला पुरलंस तू, दोन खोल्यांसाठी!"

आजूबाजूची माणसं थांबली होती. स्टेफाला रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते तिलाही सांगता आलं नसतं. "तेवीस घरांत मी ही जिवंत आहे म्हणून सांगितलं, मावशी," ती म्हणाली. "तेवीस घरांनी दार लावलं. मेली म्हटलं तेव्हा कॉफी मिळाली. चावी मिळाली. मला मिठी मारलीत तुम्ही! जिवंत म्हटलं असतं तर मारली असतीत?"

गेनोवेफानं मेणबत्ती ह्या हातातून त्या हातात घेतली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, तेवढं मला कबूल आहे. "नसती मारली," ती शेवटी म्हणाली. "खोटं बोललीस ते मी विसरेन कदाचित. पण ही वर पळेल. माझ्या डोक्यावर पळेल, रोज. मला नाही सोसायचं ते. चावी दे."

स्टेफानं खिशात हात घातला. द्यायला उशीर केला, वाटलं म्हातारी एवढ्यात म्हणेल, राहू दे. ती म्हणाली नाही. चावी घेतली, मेणबत्ती तशीच हातात धरून ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली. चेस्टर म्हणाला, "मी ट्रकवाल्याला नको सांगून येतो." दुसरं काय बोलणार तो?

उरलेल्या दिवसांत स्टेफा आणखी नऊ दारांत जाऊन आली. खरं सांगत गेली. नऊ दारं.

चौदा नोव्हेंबरला, गुरुवारी, बोलेकनं सुटी घेतली. चर्चमधल्या त्या रविवारपासून तो तिच्याशी कामापुरतं बोलत होता. तिघं आश्रमात गेली. स्वच्छ जागा, मेणाचा वास, लांबलचक व्हरांडा. एक पोक्त सिस्टर टेबलाशी बसली होती. आवाज मऊ. स्टेफानं रस्ताभर ठरवलं होतं की रडायचं नाही, पोर घाबरेल. पोला अजिबात घाबरलेली नव्हती. तिला खेळाचे नियम पाठ होते. नवी जागा, अनोळखी माणसं, म्हणजे आपण शहाण्यासारखं वागायचं.

सिस्टरनी वही उघडली, टाक बुडवला आणि पोलाकडे बघून हसल्या. "नाव काय बाळ तुझं?"

पोलानं स्टेफाची बाही ओढली, टाचा उंचावल्या आणि सगळ्यांना ऐकू येईल असं कानात विचारलं, "मामी, इथं माझं नाव काय आहे?"

सिस्टरनी टाक थांबवला. पोरीकडून नजर स्टेफाकडे, स्टेफाकडून बोलेककडे. "असं होय," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हीच आई. मग हिची आई कुठं आहे?"

बोलेक खिडकीबाहेर बघत राहिला. स्टेफानं पोलाचा हात धरला आणि सोडला नाही.